फिका चहा आणि पांढरा कावळा

चांदोदच्या घाटावर कावळ्यांना तोटा नाही. ओरसंग नर्मदेला मिळते तिथं रोज कुणा ना कुणाचे पिंड मांडलेले असतात, त्यामुळे तिथले कावळे खाऊनपिऊन सुखी आणि जरा मिजासखोरच. आजोबांच्या दहाव्याला आम्ही डभोईहून छोट्या गाडीनं तिथं पोचलो तेव्हा पिंपळावर पंधरा-वीस तरी बसले होते. साल १९८६, मे महिना, मी तेरा वर्षांचा. पिंड ठेवले, सगळे मागे सरून हात जोडून उभे राहिले. एकही कावळा खाली येईना.

थोरले काका कबूल करत सुटले. आईला अंतर देणार नाही. घराच्या वाटण्या करणार नाही. ताईला पाहिजे तितकं शिकवू. मग बाबा पुढे झाले, त्यांनीही दोन-तीन गोष्टी कबूल केल्या. कावळे जागचे हलले नाहीत. उन्हानं पायाखालचा दगड तापला, भटजींना पुढचं काम होतं, शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला आणि आम्ही आंघोळी करून परत निघालो. गाडीत काकांनी सगळ्यांना बजावलं, घरी कुणी काही बोलायचं नाही.

आजी दारातच उभी होती. "शिवला?"

"शिवला," काका म्हणाले.

"दर्भाचा," मी म्हणालो. कसं म्हणालो ते आजही सांगता येत नाही. तोंडून निघून गेलं.

त्या रात्री आजी जेवली नाही. तिचा प्रश्न एकच: "यांचं काय राहिलं असेल?" वास्तविक आजोबा पक्के हिशेबी, आयुष्य आराखड्यांवर पट्टी ठेवून रेघा मारण्यात गेलेलं. भूतबाधा, अंगात येणं असलं काही कानावर आलं की म्हणायचे, "मोजून दाखवा, मग बोलू." अशा माणसाचं काही राहील हेच कुणाला पटत नव्हतं. पण आजीला पटलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

तेराव्यानंतर चार दिवसांनी, दुपारी पुरुष माणसं घरात नसताना, आत्यानं प्लँचेटची, म्हणजे गेलेल्या माणसाला बोलावून विचारायची, गोष्ट काढली. ती शाळेत शिक्षिका, बी.एड.च्या वेळी वसतिगृहात हे प्रकार करून चुकलेली. जेवायचा मोठा पाट घेतला, त्यावर खडूनं गोलात मुळाक्षरं काढली, मधे पितळेची वाटी पालथी घातली. काना-मात्रा-वेलांट्यांना पाटावर जागा नव्हती, नुसती अक्षरं. एका बाजूला 'हो', दुसऱ्या बाजूला 'नाही'. उदबत्ती लावली. वाटीवर आत्या, ताई आणि मी, तिघांची एकेक तर्जनी, टेकली न टेकली अशी. आजी भिंतीला टेकून.

बराच वेळ काही झालं नाही. मग वाटी हलली. ज्यांनी हे केलंय त्यांना ती भावना ठाऊक असेल: वाटी आपल्या बोटाखालून *ओढली* जाते. बोट तिच्या मागून जातं. आत्यानं विचारलं, "बाबा, काही हवंय का?" वाटी फरफटत 'च' वर गेली. थांबली. मग 'ह' वर. आणि तिथंच बसली.

आम्ही पाटाकडे बघत होतो. आजी मात्र उठली होती. "चहा," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

सात वर्षं आजोबांना साखर बंद होती. सात वर्षं तिनं त्यांना फिका चहा दिला होता, आणि सात वर्षं त्यांनी तो एक अक्षर न बोलता, फक्त पहिल्या घोटाला डोळे मिटून, प्यायला होता. तिनं आलं किसून घातलं, साखर घातली, कपबशी झोपाळ्यावर त्यांच्या नेहमीच्या जागी ठेवली. झोपाळा किंचित हलला, तो अर्थातच तिच्या हातानं. मी खिडकीतून बाहेर बघत होतो, आता तरी कावळा येईल म्हणून. एक साळुंकी आली आणि गेली. चहा गार झाला. संध्याकाळी आजी जेवली.

विल्यम जेम्स हा अमेरिकन तत्त्वज्ञ मला भेटला तो पुढे सहा-सात वर्षांनी, बडोद्यात मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत. सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ज्या ग्रंथालय-चळवळीचा पाया घातला, तिचं हे घर. पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांमधली जमीन तिथं काचेची आहे. खाली उभं राहून पुस्तक चाळत असताना वर कुणी चाललं की त्याची धूसर छाया डोक्यावरून सरकते. मला मानसशास्त्राच्या परीक्षेसाठी काहीतरी पाहिजे होतं आणि हाती लागली ती जेम्सची १८९० सालची दोन जाडजूड पुस्तकं. परीक्षेला त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही.

तोवर मला वाटायचं, तत्त्वज्ञ म्हणजे आजोबांसारखे: मोजून दाखवा, मग बोलू. जेम्स डॉक्टरी शिकलेला, हार्वर्डचा प्राध्यापक, अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेची सुरुवात करणाऱ्यांपैकी एक. आणि हाच माणूस बॉस्टनच्या लिओनोरा पायपर नावाच्या, मेलेल्यांशी बोलते म्हणणाऱ्या बाईसमोर बसायला जायचा. १८८५ च्या उन्हाळ्यात त्याचा हर्मन हा लहानगा मुलगा गेला होता. त्याच साली सासूबाईंनी त्याला या बाईंबद्दल सांगितलं. पायपरबाई तंद्रीत गेल्या की त्यांच्या तोंडून 'फिनुई' नावाचा फ्रेंच डॉक्टर बोलायचा. गंमत अशी की या फ्रेंच डॉक्टरला फ्रेंच जेमतेमच येत होतं. जेम्सनं ते टिपून ठेवलं. आणि बाई घरातल्या अशा गोष्टी सांगतात ज्या त्यांना ठाऊक असण्याचं कारण दिसत नाही, हेही टिपून ठेवलं. दोन्ही नोंदी एकाच वहीत. मला त्याच्याबद्दल आदर वाटायला लागला तो इथं.

१८९६ साली लंडनच्या परामानसशास्त्रीय संशोधन संस्थेसाठी लिहिलेल्या अध्यक्षीय भाषणात त्यानं म्हटलं की, सगळे कावळे काळे असतात हा नियम मोडायला सगळे कावळे पांढरे असल्याचं दाखवावं लागत नाही. एक पांढरा कावळा पुरे. माझा पांढरा कावळा म्हणजे मिसेस पायपर. काचेच्या जमिनीवर उभा राहून मी हे वाचलं आणि मला हसू आलं. आमच्यावर काळ्यानंच पाठ फिरवली होती.

पण जेम्सला नुसता भुतांच्या मागे लागलेला प्राध्यापक म्हणणं सोपं आहे आणि चूक आहे. आमच्या वाटीचं उत्तरही त्याच्याच पुस्तकात होतं. आयडिओमोटर क्रिया हा शब्द विल्यम कार्पेंटरनं १८५२ साली वापरला. मनात एखाद्या हालचालीची नुसती कल्पना जरी उभी राहिली तरी स्नायू ती हालचाल सुरू करतात, त्यासाठी 'करतो' असा वेगळा हुकूम सोडावा लागत नाही. जेम्सनं त्याचं उदाहरण दिलंय ते थंडीच्या सकाळचं. उठायला पाहिजे, उठायला पाहिजे म्हणत आपण अंथरुणात लोळत राहतो. निश्चय काही होत नाही. आणि मग कुठल्यातरी भलत्याच विचारात असताना एकदम लक्षात येतं की आपण उठलोय. कुणी उठवलं? कुणीच नाही.

त्याहून फॅरेडेचा प्रयोग मला जास्त आवडतो, कदाचित आजोबांना आवडला असता म्हणून. १८५३ साली इंग्लंडात टेबलं फिरवण्याचं वेड घरोघर लागलं होतं. माणसं टेबलाभोवती बसून वर हात ठेवत, आणि टेबल फिरायला लागे. विजेवर मूलभूत शोध लावणारा शास्त्रज्ञ फॅरेडे यात पडला. त्यानं पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक, मधे मऊ चिकटा लावून, टेबलावर ठेवले आणि लोकांचे हात त्यांच्यावर. टेबल आपणहून सरकत असेल तर खालचा पुठ्ठा आधी सरकायला पाहिजे आणि हात मागे राहायला पाहिजेत. झालं उलटं. वरचा पुठ्ठा आधी सरकला, म्हणजे हातच ढकलत होते. बसलेली माणसं खोटारडी नव्हती, त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. पुढची पायरी याहून सुंदर: त्यानं एक काडीची खूण लावली, हात जरासे कलले की दिसेल अशी. माणसांना ती खूण दिसायला लागली आणि टेबल हलायचं थांबलं.

म्हणजे वाटी आम्ही ढकलली. यात मला शंका नाही. पण 'आम्ही ढकलली' हे मराठी वाक्य मला खोटं वाटतं, आणि 'आजोबांनी ढकलली' हेही. खरं वाक्य आहे: आमच्या हातून ढकलली गेली. जेम्सनं एके ठिकाणी तक्रार केलीय की इंग्रजीत 'पाऊस पडतो' तसं 'विचार पडतो' असं म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तर मनात जे घडतं ते सर्वांत कमी गृहीत धरून सांगता आलं असतं. मराठीत त्याची अडचण झाली नसती. आपल्याकडे मला सुचतं, मला आठवतं, मला वाटतं. मी सुचवून घेत नाही, ते येतं आणि मला होतं. तोंडून निघून जातं. हातून घडतं. 'मी' या वाक्यांत बाजूला, पाहुण्यासारखा बसलेला असतो. आपली आजी-पणजी ही वाक्यं बोलत होती तेव्हा तिला त्यात तत्त्वज्ञान वाटत नव्हतं, हा भाग वेगळा.

बडोद्यात राहून या विषयावर लिहायचं आणि दांडिया बाजार टाळायचा, हे जमणार नाही. अरविंद घोष १८९३ ते १९०६ इथं होते, सयाजीरावांच्या नोकरीत, कॉलेजात इंग्रजी शिकवत. दांडिया बाजारात आज अरविंद निवास आहे ते खासेराव जाधवांचं घर. पाँडिचेरीच्या ध्यानमग्न फोटोंमुळे आपण विसरतो, पण बडोद्यात अरविंदबाबू आणि त्यांचा धाकटा भाऊ बारीन यांनी प्लँचेटचे, आपोआप लिहिण्याचे भरपूर प्रयोग केले होते. त्यांनीच पुढे सांगितलेला एक किस्सा असा. बारीननं दिवंगत वडिलांना बोलावलं. पुरावा मागितल्यावर त्यांनी देवधर नावाच्या इंजिनिअरच्या घरातल्या भिंतीवर अमुक चित्र आहे असं सांगितलं. चौकशी केली तर तसलं चित्र नाही. पुन्हा विचारलं, उत्तर तेच. शेवटी घरातल्या म्हाताऱ्या आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, होतं की चित्र, त्यावरून गिलावा झालाय.

असा अनुभव आल्यावर माणूस एक तर भक्त होतो नाहीतर दात काढतो. अरविंदांनी दोन्ही केलं नाही. त्यांचा निष्कर्ष जवळजवळ जेम्सच्या वहीतला वाटावा असा आहे: क्वचित काही गोष्टी बाहेरून आल्यासारख्या वाटतात, पण या लेखनाचा बहुतेक भाग आपल्याच मनाच्या तळघरातल्या नाटक्या अंशाकडून येतो, कधीमधी तिथं एखादी झळाळती शीरही लागते. नाटक्या अंश! आमच्या घरात तो कोण होता याबद्दल माझे अंदाज आहेत, आत्या शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटकं बसवायची.

पुढे १९०८ च्या जानेवारीत, सुरतची काँग्रेस फुटल्यावर, अरविंद पुन्हा बडोद्यात आले ते विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याला भेटायला. लेले तेव्हा ग्वाल्हेरला होते, तार करून त्यांना बोलावून घेतलं होतं. सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या खोलीत दोघं तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलेलं तंत्र साधं: विचार करू नकोस, मनाकडे नुसतं बघ, विचार बाहेरून येताना दिसतील, आत शिरायच्या आधी परतवून लाव. अरविंदांना विचार खरोखर बाहेरून येताना दिसले, असं ते म्हणतात, आणि तीन दिवसांत, खरं तर एकाच दिवसात, मन शांत झालं. मग मुंबईत १९ जानेवारीला भाषण होतं, आणि डोक्यात एक शब्द नाही. लेले म्हणाले, श्रोत्यांना नमस्कार कर आणि थांब, भाषण येईल. ते आलं. (याच गुरूशिष्यांचं महिन्याभरात बिनसलं. अरविंदांनी ठरल्या वेळेचं ध्यान सोडलंय हे कळल्यावर लेले म्हणाले, तुला सैतानानं धरलंय. गुरूची ही तऱ्हा मला फार ओळखीची वाटते.)

फॅरेडेची काडी आणि लेल्यांचं तंत्र यांत मला एकच गोष्ट दिसते. बघितलं की थांबतं. टेबलाचं फिरणं थांबलं, विचारांचं येणं थांबलं. एकानं त्यावरून भूत नाही असं ठरवलं, दुसऱ्यानं त्यावरून ब्रह्म आहे असं. जेम्स मधे उभा राहून विचारतो: बरं, याच्यानं तुमच्या पुढच्या दिवसात काय फरक पडला?

हे त्याचं व्यवहारवादी तत्त्वज्ञान. मूळ कल्पना त्याच्या मित्राची, चार्ल्स पर्सची, १८७८ ची. जेम्सनं १९०७ साली त्यावर व्याख्यानांचं पुस्तक काढून ती गाजवली. एखादी कल्पना खरी आहे असं म्हटल्यानं जगण्यात कुठं, काय वेगळं घडतं ते दाखवा. काहीच वेगळं घडत नसेल तर भांडण पोकळ. तो याला कल्पनेची रोख किंमत म्हणायचा. आपल्याकडे याहून बरा शब्द आहे: गुण. औषधाला गुण आला का? आजी माझी मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी दृष्ट काढायची, मिरच्यांचा ठसका लागला नाही की म्हणायची, बघ केवढी लागली होती. मी झोपायचो. गुण यायचा.

इथं मला सावध व्हावंसं वाटतं. 'गुण येतो ना, मग झालं' हे वाक्य प्रत्येक भोंदूच्या दुकानावर लटकलेलं असतं. आमच्या नात्यातल्या एका बाईंनी कुणाच्यातरी अंगाऱ्यावर भरवसा ठेवून इन्शुलिन सोडलं होतं. पहिले आठ दिवस त्यांना फार बरं वाटत होतं, नवव्या दिवशी दवाखान्यात भरती करावं लागलं. महाराष्ट्रानं २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, तोही डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर. गुजरातेत तसा कायदा यायला २०२४ उजाडलं. जेम्स मात्र १८९८ साली मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळापुढे जाऊन, मनानं आजार बरे करणाऱ्यांवर बंदी आणू नका, असं सांगून आला होता. त्याचं म्हणणं, तुम्ही अनुभवाचा एक आख्खा साठा न तपासताच बंद करताय. त्या दिवशी तो चुकला असं मला वाटतं. निदान डॉक्टर असलेल्या माणसानं नववा दिवस धरायला पाहिजे होता. त्याचंच माप लावायचं तर गुण मोजायचा तो किती दिवस आणि कुणाकुणावर, हे आधी ठरवायला नको?

स्वतःच्या बाबतीत मात्र तो कडक राहिला, हे कबूल केलं पाहिजे. पायपरबाईंवर लक्ष ठेवणारा त्याचा मित्र रिचर्ड हॉजसन, ज्यानं आधी मद्रासेजवळ अड्यारला येऊन थिऑसॉफीवाल्या मॅडम ब्लॅव्हॅट्स्कीचे चमत्कार हातचलाखी ठरवले होते, तो १९०५ च्या डिसेंबरात वारला. थोड्याच दिवसांत पायपरबाईंच्या तोंडून हॉजसनच बोलायला लागला. जेम्सनं त्या बैठकींचं टिपण केलं. मित्र आहे, हे त्याला मान्य करता आलं असतं. मन तिकडे ओढ घेत होतंच. त्यानं मान्य केलं नाही. नाकारलंही नाही. पंचवीस वर्षं या विषयात घालवून आपण सैद्धान्तिकदृष्ट्या सुरुवातीला होतो तिथंच आहोत, असं त्यानं १९०९ साली लिहिलं, आणि पुढच्या वर्षी तोही गेला. एवढ्या हुशार माणसाला असं जाहीर लिहायला किती जड गेलं असेल. आमच्या काकांना 'शिवला नाही' एवढंही घरी सांगवेना.

हे सगळं वाचून झाल्यावर वाटीबद्दल माझ्याकडे एकच प्रश्न उरला, आणि तो भुताचा नव्हता. तिघांपैकी कुणाच्या मनात चहा होता? ताईला मी विचारलं होतं. ती म्हणाली, मला वाटलं आत्या सरकवतेय. आत्याला विचारायचं धाडस झालं नाही. ती वडिलांचा विषय निघाला की उठून जायची.

परवा फोनवर विचारलं. ती आता अठ्ठ्याहत्तरची आहे, मांजलपूरला मुलाकडे असते, कानाला यंत्र आहे. मी फॅरेडे सांगितला, पुठ्ठे सांगितले, काडी सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मला तर वाटलं तूच ढकलतोयस," ती म्हणाली. "लहान होतास. म्हटलं असू दे."

"पण चहाच का?"

"चहा कुठं आला होता? 'च' आणि 'ह' आला होता. मी चाहूल वाचत होते. चहा आईनं वाचला." मग जरा थांबून म्हणाली, "तिनं साखर किती घातली होती आठवतं तुला?"

"नाही."

"मी मागोमाग आत गेले होते. दोन चमचे घातले. कपबशी उचलली, परत खाली ठेवली, आणि आणखी अर्धा घातला."